बाबांनो, लेकीच्या दोन वेण्या घालायला शिका

बायकोचं ऑफिस मुंबईत आणि आम्ही राहतो डोंबिवलीला, त्यामुळे ती साडेसहालाच घर सोडते आणि मग लेकीचा डबा, पाण्याची बाटली, आयकार्ड, केस सगळं माझ्याकडे. डबा आधीपासून जमायचा. केस मात्र शिकावे लागले, कारण पहिलीपर्यंत तिचा बॉबकट होता, मग तिने ठरवलं की वाढवायचे, आणि शाळेचा नियम असा की केस खांद्याखाली गेले की दोन वेण्या, रिबिनीने दुमडून वर बांधलेल्या. आता ती तिसरीत आहे आणि खरं सांगतो, अख्ख्या दिवसात मला सगळ्यात जास्त आवडणारी दहा मिनिटं हीच. ती पाटावर बसते, मी मागे पलंगाच्या कडेला, आणि दोघांची तोंडं एकाच दिशेला. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी हात बसवा, आणि तो लेकीच्या डोक्यावर नको. माझ्या आईने मला तीन रंगांच्या परकराच्या नाड्या आणून दिल्या आणि खिडकीच्या गजाला एकत्र गाठ मारून म्हणाली, आधी यावर कर. उजवा पेड मधल्यावरून घ्यायचा, मग तो मधला झाला, आता डावा मधल्यावरून, पुन्हा उजवा. इतकंच आहे सगळं. रंग वेगळे असल्यामुळे कुठे चुकलं ते लगेच दिसतं. आठवडाभर रोज संध्याकाळी टीव्ही बघता बघता करा, बोटं आपोआप चालायला लागतात. घाई नसतेच तशी, केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे बॉबकटपासून दुमडता येईल अशी वेणी व्हायला दीड-दोन वर्षं जातात, तेवढ्यात कुणीही शिकेल.

आता गुंता. रडारड होते ती इथेच, वेणीच्या वेळी नाही. आपण पुरुष लोक कंगवा डोक्यावर ठेवून खाली ओढतो, कारण आपले केस दोन बोटं असतात. लांब केसांना ते चालत नाही. आधी टोकाकडचे चार बोटं केस सोडवायचे, मग त्याच्या वरचे, मग अजून वर, असं खालून वर जायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिथे गुंता आहे त्याच्या वर केसांची बट डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवायची, मग कंगव्याची ओढ मुठीपर्यंतच येते, मुळाशी पोचत नाही आणि पोरीला दुखत नाही. हे कळलं त्या दिवसापासून आमच्याकडे सकाळचं "आई गं" बंद झालं. केस ओले असताना ओढू नका, ओले केस ताणले जातात आणि तुटतात. कंगव्यात थोडे केस आले तर घाबरू नका, रोज काही केस गळतातच.

तेल आम्ही शनिवारी रात्री लावतो. थंडीत खोबरेल थिजतं, मग बाटली गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं उभी करायची, थेट गॅसवर ठेवू नका. बोटांच्या पेरांनी हळूहळू जिरवायचं, नखं लागू द्यायची नाहीत. तेल लावताना ती दहा मिनिटांत पेंगायला लागते आणि डोकं मागे माझ्या गुडघ्यावर टेकवते, मग मी तसाच बसून राहतो, पाय बधिर झाला तरी.

भांग. कंगव्याचं बारीक टोक कपाळावर नाकाच्या रेषेत ठेवा आणि टाळूवरून सरळ मानेपर्यंत न्या. तिला म्हणायचं समोर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ, म्हणजे मान हलत नाही. एका बाजूच्या केसांना लगेच रबर लावून टाका, नाहीतर इकडचे केस तिकडे जातात आणि भांग नागमोडी होतो.

मग वेणी. कानाच्या मागून, जरा वरूनच सुरुवात करा, मानेजवळून केली तर दुमडल्यावर लोंबते. हात डोक्याच्या जवळ ठेवा आणि प्रत्येक वळणाला पेड सारखेच ताणा. मी सुरुवातीला सैल घालायचो, दुखेल म्हणून, आणि दुपारी ती रिबिनी दप्तरात टाकून, केस मोकळे घेऊन घरी यायची, चेहरा एवढासा करून. फार वाईट वाटायचं. पण उलट टोकालाही जाऊ नका, भुवया वर ओढल्यासारख्या दिसल्या तर नक्की जास्त आवळलंय. रोज रोज तशी ओढ बसली तर कपाळाजवळचे केस विरळ होतात. घरी आली की वेण्या सोडूनच टाकायच्या.

रिबीन शेवटी बांधायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं! वेणी अर्धी झाली की रिबिनीचा मध्य वेणीवर ठेवायचा आणि दोन टोकं दोन पेडांबरोबर घेऊन पुढची वेणी विणायची. खाली गाठ मारायची, वेणी दुमडून वर आणायची आणि उरलेल्या टोकांनी कानामागे बांधून फूल काढायचं. अशी बांधलेली वेणी खो-खो खेळून आली तरी सुटत नाही.

उवांचं पण सांगतो, शाळेत जाणाऱ्या पोरांना होतातच, त्यात घाण-बिण काही नसतं आणि पोरीला त्यावरून कधी बोलू नका. केस ओले करून भरपूर कंडिशनर लावायचं आणि बारीक फणीने एकेक बट विंचरायची, दर वेळी फणी पांढऱ्या कपड्यावर पुसायची. लिखा साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून एकदा करून थांबायचं नाही, दर तीन-चार दिवसांनी दोन आठवडे करायचं. औषध लावायचं असेल तर डॉक्टरांना विचारून.

आता जे खरं सांगायचं होतं ते. समोरासमोर बसवून "आज शाळेत काय झालं" विचारलं की उत्तर येतं "काही नाही". पण पाठमोरी बसली आणि केसात आपला हात असला की पोर आपणहून बोलतं. एकदा दुसरी वेणी निम्मी झाली होती आणि ती एकदम म्हणाली, "बाबा, ती आता माझ्या बाकावर बसत नाही." मला लगेच बाईंना फोन करावासा वाटला, पण मी फक्त "मग?" म्हणालो आणि पेड टाकत राहिलो. मग सगळं आलं, कोण काय बोललं, डबा कुणी कुणाबरोबर खाल्ला. फूल बांधून होईपर्यंत तिने स्वतःच ठरवलं होतं की मधल्या सुट्टीत तिला चिंच द्यायची. त्या दिवशी मी वेणी मुद्दाम सावकाश घातली होती. तर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, मध्ये सल्ला देऊ नका आणि पंधरा मिनिटं आधी उठा.

मुलगा असेल तर रविवारी अंघोळीनंतर नखं कापायला मांडीवर घ्या, ओली नखं मऊ असतात, आणि तोही असाच बोलतो.

आता आमच्याकडे स्नेहसंमेलनाला सागरवेणी हवीये. त्यात प्रत्येक वळणाला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे केस पेडात घेत जायचे असतात, त्यामुळे नाड्यांवर सराव होत नाही. तिने तिची बाहुली दिली होती, पण त्या केसांवरून बोटं घसरतात. म्हणून काल उशीच्या कडेला लोकरीचे धागे टाचून घेतलेत, एका ओळीत, जवळ जवळ. त्यावर जमतंय.