ड्रेसेजच्या स्पर्धेला घोडे नेताना या चुका टाळा

ड्रेसेज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली शांत, लयबद्ध चालीत करवून घेण्याची, गुणांवर चालणारी स्पर्धा. त्यासाठी रायडिंग स्कूलमधली मुले महिनोन्महिने वर्तुळे, वळणे आणि थांबे घोटतात, आणि तरीही शनिवारी दुपारी गुणपत्रक हातात पडते तेव्हा घरच्या रिंगणात सहज जमणारी गोष्ट इथे का बिघडली, हे त्यांना उमगत नाही. पुण्याजवळच्या आमच्या तबेल्यातून घोडे आणि मुले घेऊन अशा स्पर्धांना जाताना माझे मत हळूहळू पक्के होत गेले, की त्या बिघाडाचे कारण बहुतेक वेळा टेस्टच्या, म्हणजे नेमून दिलेल्या क्रमाने हालचाली करून दाखवायच्या, त्या पाच-सहा मिनिटांच्या कितीतरी आधी, गुरुवार आणि शुक्रवारमध्ये दडलेले असते. घोडा हा सवयीवर जगणारा आणि भीती वाटली की पळणारा प्राणी आहे. स्पर्धेच्या दोन-तीन दिवसांत आपण त्याची जागा, शेजारी, पाणी, चंदीची (दाण्याच्या खुराकाची) वेळ, पायाखालची माती आणि पाठीवरच्या माणसाची मनःस्थिती असे सगळेच एका दमात बदलून टाकतो, आणि वर त्याच्याकडून शांत, लयबद्ध चालीची अपेक्षा करतो. म्हणून पुढे सांगितलेली प्रत्येक चूक मी एकाच प्रश्नावर तपासली आहे: या गोष्टीमुळे घोड्याचा नेहमीचा दिवस आणखी किती बदलतो?

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्या संघाने ड्रेसेजचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा घोडेस्वारीतले भारताचे सुवर्ण ४१ वर्षांनी परत आले. तेव्हापासून आमच्याकडे चौकशीला येणारे पालक पहिल्याच भेटीत स्पर्धेची भाषा बोलू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र स्पर्धेची तयारी म्हणजे केवळ स्वाराची तयारी, अशी समजूतही त्यासोबत येते, आणि ती आधी दूर करावी लागते.

कागदपत्रांची चूक थोडक्यात सांगण्यासारखी आहे, पण ती झाली तर घोडा फाटकातूनच परत फिरतो. घोड्याचे ओळखपत्र आणि लसीकरणाच्या नोंदी तर लागतातच; शिवाय ग्लँडर्स या, माणसालाही होऊ शकणाऱ्या, जीवघेण्या रोगाची तपासणी आपल्याकडे महत्त्वाची मानली जाते. रक्ताचे नमुने पशुवैद्यकामार्फत प्रयोगशाळेत जाऊन अहवाल परत येईपर्यंत बराच वेळ जातो, त्यामुळे स्पर्धेची तारीख कळताच आयोजकांना अटी विचारून नमुने पाठवावेत. नालबंदालाही असेच वेळेत बोलवावे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवे नाल ठोकले आणि एखादा खिळा जवळून गेला, तर शनिवारी लंगडणाऱ्या घोड्याला काही करता येत नाही. आठ-दहा दिवस आधी नालबंदी केली तर दुरुस्तीला अवधी राहतो.

आता प्रवास. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. फ्लोटमध्ये, म्हणजे घोडे नेण्याच्या गाडीत, घोडा इकडेतिकडे वळू नये म्हणून मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) त्याला आखूड दोरीने, मान वर राहील असा बांधतात. घोड्याच्या श्वासनलिकेत गेलेली धूळ आणि जंतू मान खाली घातल्यावरच निथळून बाहेर येतात, त्यामुळे तासन्तास मान वर राहिलेल्या घोड्याच्या फुप्फुसांत संसर्ग होण्याचा धोका वाढतो. आमची एक घोडी घाट उतरून मुंबईला पोचली तेव्हा केवळ थोडी मरगळलेली दिसत होती. आम्ही तिला दमलेली समजलो, दुसऱ्या दिवशी टेस्टला उतरवले, आणि त्या रात्री तिला ताप भरला. त्यानंतरचे सहा आठवडे ती तबेल्याबाहेर पडली नाही. तिचा थर्मामीटर त्या संध्याकाळी माझ्या पेटीतच होता आणि मी तो वापरला नाही, याची बोच अजून गेलेली नाही. तेव्हापासून आमचा नियम असा आहे, की दोरी मान छातीच्या पातळीपर्यंत खाली जाईल इतकी सैल ठेवायची, लांबच्या प्रवासात दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवून घोड्यांना मान खाली घालू द्यायची आणि पाणी दाखवायचे, आणि पोचल्यावर प्रत्येक घोड्याचे तापमान घेऊन वहीत लिहायचे. विश्रांतीच्या वेळी ते ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान आणि नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असावी. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे मात्र घरीच आठवडाभर टिपून ठेवावेत, नाहीतर परक्या जागी मोजलेल्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

घाटाबद्दल एक वेगळी सूचना. वळणावर गाडी आपल्याला हळू वाटते, पण उभ्या घोड्याला प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकला चारही पायांनी तोल सावरावा लागतो. दोन तासांच्या घाटाच्या प्रवासानंतर त्याचे स्नायू खरोखर दमलेले असतात, म्हणून पोचल्या पोचल्या ‘जरा रिंगण दाखवून आणू’ या हेतूने तासभर स्वारी करणे चुकीचे आहे. हातात धरून अर्धा तास चालवणे आणि गवत चारणे पुरेसे असते.

पाणी आणि चारा यांत होणारी चूक जवळपास नेहमी चांगल्या हेतूनेच होते. घोडा दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी पितो, आणि परक्या पाण्याचा वास वेगळा आला की तोच घोडा बादलीत नाक घालून मागे सरतो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाहतच राहतो, पाणी मात्र पोटात जात नाही, आणि आतड्यातला चारा कोरडा पडून पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातला बिघाड त्याच्या बाबतीत क्षुल्लक कधीच नसतो. घरूनच कॅनमधून पाणी न्यावे, किंवा निघण्याआधी आठवडाभर पाण्यात थोडा गूळ विरघळवून तीच चव स्पर्धेच्या ठिकाणीही द्यावी. घरची बादलीसुद्धा सोबत घ्यावी. ‘ताकद यावी’ म्हणून स्पर्धेच्या आठवड्यात चंदी वाढवू नये. उलट प्रवासाच्या दिवशी ती कमी करून गवत वाढवावे. टेस्टच्या आधी पोट रिकामे ठेवण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, आणि मूठभर गवत खाल्लेल्या घोड्याला स्वारीच्या वेळी त्या आम्लाची जळजळ कमी होते.

औषधांच्या बाबतीत आपण फार निष्काळजी आहोत, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये हाँगकाँगला झालेल्या घोडेस्वारीच्या स्पर्धांत काही घोड्यांच्या नमुन्यांत कॅप्सायसिन सापडले आणि त्यांना स्पर्धेबाहेर जावे लागले. कॅप्सायसिन म्हणजे मिरचीतला तिखट घटक, आणि तो सांधेदुखीच्या अनेक मलमांत असतो. आपल्या तबेल्यांत मोतद्दार मायेने घोड्याच्या पायाला घरातलेच मलम चोळतो, कोणी मूल चॉकलेट भरवते, कोणी उरलेला चहा पाजते. चॉकलेटमधले थिओब्रोमाइन आणि चहातले कॅफीनही तपासणीत दिसते. स्पर्धेच्या किमान दोन आठवडे आधीपासून घोड्याच्या अंगावर आणि तोंडात पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय काहीही जाणार नाही, असे सर्वांना, विशेषतः मोतद्दारांना, बसून समजावून सांगावे. त्यांना कारण सांगितले की ते आपल्यापेक्षा जास्त काटेकोर राहतात.

टेस्ट पाठ करण्याची पद्धत ही पुढची चूक. आठवडाभर रोज घोड्यावर बसून पूर्ण टेस्ट घोटली, की स्वाराआधी घोडाच ती पाठ करतो आणि रिंगणाच्या कडेचे, हालचालीची जागा दाखवणारे अक्षर यायच्या आधीच कँटर (मंद दौड) उचलतो किंवा थांबतो. टेस्ट जमिनीवर पाठ करावी. आमच्याकडे मुले अंगणात रांगोळीने दोन मीटर बाय चार मीटरचे रिंगण आखतात, अक्षरे लिहितात आणि पायी चालत टेस्ट म्हणतात. घोड्यावर मात्र तिचे तुकडे उलटसुलट क्रमाने करतात. अंतरे याच वेळी डोक्यात बसवावीत, कारण बहुतेक स्वार वर्तुळात गुण गमावतात ते मोजमाप ठाऊक नसल्यामुळे. २० बाय ४० मीटरच्या रिंगणात लांब बाजूवरचे ‘के’ हे अक्षर कोपऱ्यापासून ६ मीटरवर असते. ‘ए’पासून, म्हणजे प्रवेशाच्या आखूड बाजूच्या मधोमध असलेल्या अक्षरापासून, काढलेले २० मीटरचे वर्तुळ लांब बाजूला कोपऱ्यापासून १० मीटरवर, म्हणजे ‘के’च्या पुढे ४ मीटरवर टेकले पाहिजे. मुले ते ‘के’लाच टेकवतात किंवा थेट कोपऱ्यात शिरतात, आणि वर्तुळाचे अंडे होते. ६० मीटरच्या मोठ्या रिंगणात ‘बी’ आणि ‘ई’ या लांब बाजूंच्या मध्यावरच्या अक्षरांमधले वर्तुळ मध्यरेषेला ‘एल’ आणि ‘आय’च्या २ मीटर आतून छेदते. ही दोन मोजमापे जरी पक्की झाली तरी घोड्याला एकही जादा तालीम न देता गुण वाढतात. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण असतात आणि अर्धा गुणही देता येतो, तेव्हा अशी नेटकी भूमिती म्हणजे हक्काचे गुण आहेत.

सरावाच्या रिंगणात जे घडते त्याबद्दल मात्र मला मनापासून कळवळून सांगायचे आहे. आपल्या रायडिंग स्कूलमधले पुष्कळ घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी हिवाळ्यात महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला शर्यती धावलेल्या असतात. असा घोडा वर्षांनंतर रेसकोर्सच्या आवारात उतरतो तेव्हा पहाटेच्या टापांचा आवाज आणि आजूबाजूला दौडणारी दहा अनोळखी घोडी यांचा अर्थ त्याच्यासाठी एकच असतो: आता सुटायचे आहे. तो कान टवकारतो, घामाने थबथबतो, तोंडातली कडी ओढतो. इथे स्वार दोनपैकी एक चूक करतो. एक तर त्याला ‘दमवून शांत’ करायला तासभर कँटर देतो, आणि शर्यतीच्या कमावलेल्या दमाचा तो घोडा थकायच्या आधी अधिक पेटतो. किंवा लगाम आवळून त्याची मान दुमडतो, ज्यामुळे पाठ ताठ होते आणि चालीची लय मोडते. नोजबँड, म्हणजे नाकावरचा पट्टा, आवळून तोंड बंद करणे हा त्याचाच पुढचा प्रकार. नाकाच्या हाडावर दोन बोटे सहज शिरतील इतका तो सैल असलाच पाहिजे. परीक्षक लय, शिथिलता आणि लगामाचा हलका संपर्क याच क्रमाने पाहतात, आणि आवळलेल्या घोड्यात या तिन्ही गोष्टी एकदम हरवतात.

उपाय धीराचा आहे. असा घोडा शक्य असेल तर एक दिवस आधी न्यावा. पहिल्यांदा त्याला हातात धरूनच सरावाच्या रिंगणाभोवती चालवावे, सोबत तबेल्यातला एखादा पोक्त घोडा असू द्यावा, आणि मान खाली गेल्यावरच स्वार व्हावे. टेस्टच्या दिवशी वेळेचा हिशेब उलटा मांडावा: प्रवेशाच्या आधीची पाच मिनिटे लगाम सैल सोडून वॉक, त्याआधी पंधरा मिनिटे ट्रॉट (दुडकी चाल), कँटर आणि त्यांच्यामधले बदल, आणि सुरुवातीची दहा मिनिटे पुन्हा निव्वळ वॉक. कोणत्या घोड्याला वीस मिनिटे पुरतात आणि कोणाला चाळीस लागतात, हे घरीच ठरलेले असावे. सरावात एकमेकांसमोर आल्यावर डावा हात डाव्या हाताकडे ठेवून जावे, आणि वॉकवाल्यांनी कडेची वाट मोकळी सोडावी. आणखी एक विनंती प्रशिक्षकांना: सरावाच्या त्या वेळात नवे काही शिकवू नका. कुंपणावरून पालक, मोठी बहीण आणि प्रशिक्षक अशा तीन दिशांनी सूचना येत असताना बारा वर्षांचे मूल घोड्याचे ऐकणार कधी?

रिंगणातल्या काही चुका फक्त विसरण्यातून होतात. घोड्याच्या पायांना सरावात बांधलेली बँडेज किंवा बूट टेस्टला चालत नाहीत, आणि ते तसेच राहिले तर स्वार बाद होऊ शकतो. म्हणून एका माणसाने फक्त तेवढ्यासाठी प्रवेशद्वाराशी उभे राहावे. चाबूक चालतो का आणि केवढ्या लांबीचा, टेस्ट वाचून दाखवायला परवानगी आहे का, वाट चुकल्यास किती गुण कापले जातात, हे प्रत्येक स्पर्धेच्या नियमपत्रकात वेगळे असू शकते, आणि ते शुक्रवारीच मोठ्याने वाचून काढावे. घंटा वाजल्यावर आत यायला ४५ सेकंद मिळतात. घाबरलेली मुले घंटेसरशी जिथे असतील तिथून तिरकी ‘ए’कडे वळतात आणि मध्यरेषेवर वाकडी शिरतात; खरे तर एक शांत वळण घ्यायला तो वेळ पुरतो. पहिल्या थांब्याला घोडा चारही पायांवर चौकोनी उभा राहिल्यावर मगच एका हातात लगाम घेऊन अभिवादन करावे. वाट चुकल्याची घंटा झाली तर घोड्याला वॉकमध्ये आणून परीक्षकाचे ऐकावे आणि सांगितलेल्या ठिकाणापासून पुढे जावे. एका चुकीचे गुण थोडेच जातात. त्यानंतर हादरून केलेल्या चार हालचालींचे खूप जातात.

टेस्ट संपताच मुले गुणफलकाकडे धावतात आणि घोडा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळलेल्या स्थितीत उभा राहतो. तंग दोन छिद्रे सैल करणे, पाणी दाखवणे, सावलीत नेऊन अंगभर सतत पाणी ओतणे आणि श्वास उतरेपर्यंत चालवणे, हे स्वारानेच करायचे असते. गार पाण्याने तापलेल्या घोड्याचे स्नायू आखडतात ही भीती निराधार आहे, भरपूर पाणी वापरावे. गुणपत्रक रात्री शांतपणे वाचावे, आणि रविवारसाठी त्यातली एकच शेरावजा ओळ निवडावी. शनिवारी साडेपाच मिळालेली हालचाल रात्रीतून आठची होणार नाही, पण ‘वर्तुळ लहान’ हा शेरा मात्र दुसऱ्या दिवशी हमखास दुरुस्त होतो.

रविवारी संध्याकाळी घोडे चढवण्याची घाई करू नये. शेवटच्या टेस्टनंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत आणि घोड्याने पाणी प्यायलेले, लघवी केलेली पाहूनच फ्लोटचा दरवाजा लावावा. सोमवारी त्याला सुट्टी, पण मोकळ्या जागेत फिरण्यासह. आणि पोचल्यानंतर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान, कारण प्रवासाचा ताप पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी चढतो.