पहिला बजेट गेमिंग पीसी: सुटे भाग कोणत्या क्रमाने निवडावेत

स्वतः गेमिंग पीसी जोडून घ्यायचे मनात आले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो तो प्रोसेसर कोणता घ्यावा हा. तिथून सुरुवात केली की चांगल्या प्रोसेसरला साजेसा मदरबोर्ड, मदरबोर्डाला साजेशी रॅम असे करत करत पैसे संपत येतात. मग ज्याच्या जोरावर खेळ प्रत्यक्ष चालायचा ते ग्राफिक्स कार्ड आणि सगळ्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस, या दोघांच्या वाट्याला उरलेसुरले येते. म्हणून क्रम उलटा धरावा: आधी मॉनिटर, मग ग्राफिक्स कार्ड, त्यानंतर प्रोसेसर आणि मदरबोर्ड, आणि चांगल्या एसएमपीएसची रक्कम पहिल्याच दिवशी वेगळी काढून ठेवावी. पुढचा विचार मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस वगळून साधारण ६०,००० रुपयांचे यंत्र डोळ्यांसमोर ठेवून केला आहे.

मॉनिटरपासून सुरुवात करण्याचे कारण सरळ आहे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर प्रत्येक चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके रंगवावे लागतात, तर २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६ लाख ८६ हजार. म्हणजे पडदा एक पायरी वरचा घेतला की कार्डाचे काम पावणेदोन पटींहून अधिक वाढते आणि तो खर्च मॉनिटरच्या बिलात दिसत नाही, कार्डाच्या बिलात दिसतो. या बजेटच्या यंत्रासोबत १०८० चा, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग नीट दिसणारा) आणि १४४ किंवा १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घ्यावा. घरात ६० हर्ट्झचा चालता मॉनिटर असेल, तर वर्षभर तोच वापरून ती रक्कम कार्डात घालणे मला अधिक पटते.

पडदा ठरला, आता खेळ कोणते ते कागदावर लिहावे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ असे स्पर्धात्मक खेळ कार्डापेक्षा प्रोसेसरवर अधिक भार टाकतात, तर मोठे कथाप्रधान खेळ कार्डाचाच कस पाहतात. दोन्ही प्रकार खेळायचे असतील, तर एकूण रकमेतला ३५ ते ४० टक्के वाटा कार्डाला द्यावा. ८ जीबी मेमरीच्या खाली नवे कार्ड घेऊ नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स ६६०० हे १०८० च्या पडद्यासाठी बजेटवाल्यांचे आवडते कार्ड ठरले, ते ८ जीबी मेमरी आणि अवघ्या १३२ वॅट विजेमुळे. त्यानंतर आलेल्या ८ जीबीच्या कार्डांची तुलना याच कार्डाला मापदंड धरून करावी.

स्वस्त कार्डांत एक खाच आहे आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड मदरबोर्डाशी फक्त चार लेनने, म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या चार वाटांनी, जोडले जाते आणि त्याची मेमरी ४ जीबी आहे. पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणारी सोय) ४.० च्या मदरबोर्डावर ते कसेबसे निभावते; पण ए५२० किंवा बी४५० सारख्या ३.० च्या मदरबोर्डावर लावले की तीच चार लेनची वाट अर्ध्या रुंदीची होते, आणि मेमरी भरल्यावर खेळ अडखळू लागतो. स्वस्त कार्ड आणि स्वस्त मदरबोर्ड ही जोडी इथे एकमेकांचे नुकसान करते. आरटीएक्स ३०५० चेही असेच आहे: एकाच नावाखाली ८ जीबीचे आणि ६ जीबीचे अशी दोन कार्डे विकली जातात, त्यांतले ६ जीबीचे वेगानेही कमी आहे. खोक्यावरचे नाव नव्हे, मेमरीचा आकडा वाचावा.

जुन्या कार्डाचा मोह होतोच. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर ते नाणे खणण्याचा धंदा बंद पडला आणि दिवसरात्र चाललेली कार्डे बाजारात आली. अशी सगळीच कार्डे वाईट असतात असे नाही, पण पहिल्याच पीसीसाठी मी ती सुचवणार नाही. घ्यायचेच असेल तर समोर बसून कार्डाची खरी माहिती दाखवणारे जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवून पाहावे. आरएक्स ५८० म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्डात २३०४ ऐवजी २०४८ शेडर (चित्र रंगवणारे छोटे भाग) दिसले, तर ते त्याच नावाचे खालच्या पायरीचे कार्ड आहे असे समजावे. त्यानंतर अर्धा तास एखादा जड खेळ चालवावा आणि पंख्यांचा आवाज व तापमान दोन्हींकडे लक्ष ठेवावे.

प्रोसेसरसाठी सहा कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामे) पुरेसे आहेत. रायझन ५ ५६०० आणि कोअर आय५-१२४००एफ हे दोन्ही २०२२ चे प्रोसेसर आजही या कामाला योग्य आहेत. रायझनमध्ये ५५००, ५६०० आणि ५६००जी ही नावे जवळजवळ सारखी दिसतात, पण ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी) आणि पीसीआय एक्सप्रेस ४.० आहे, तर उरलेल्या दोघांत १६ एमबी आणि ३.०. कार्डासाठी आज पैसेच नसतील, तर मात्र ५६००जी घ्यावा. त्यात ग्राफिक्स अंगचेच असल्याने हलके खेळ लगेच सुरू होतात आणि कार्ड पुढच्या वर्षी लावता येते. इंटेलच्या नावामागे एफ असेल, तर त्यात अंगचे ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटणार नाही.

वरचे रायझन ज्यात बसतात त्या एएम४ सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डावरच्या प्रोसेसरच्या खोबणीवर, पुढे फार वाढायला जागा नाही, हे खरे. चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर २०२२ मध्ये आलेले एएम५ सॉकेट घ्यावे. पण तिथे रॅम डीडीआर५ च लागते आणि मदरबोर्डही महाग पडतो, ही किंमत कार्डातून कापावी लागणार असेल तर घेऊ नये. मदरबोर्ड एएम४ च्या रायझनसाठी बी५५० चा, इंटेलसाठी एच६१० किंवा बी६६० चा पाहावा. इंटेलच्या या मदरबोर्डांच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. दोन्हींच्या रॅमची खाच निराळ्या जागी असते, एकीची रॅम दुसरीत बसत नाही. बी४५० किंवा आधीच्या साठ्यातला बी५५० घेतलात, तर नव्या प्रोसेसरसाठी बायोस (मदरबोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून देण्याचे दुकानदाराकडून आधीच वदवून घ्यावे.

रॅम १६ जीबी घ्यावी, पण ८ जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे मेमरी दोन वाटांनी चालते. अंगच्या ग्राफिक्सवर हा फरक खेळताना डोळ्यांना दिसतो. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती भराभर चढल्या, त्यामुळे जुन्या याद्यांतली रॅमची किंमत खरी धरू नये. दुकानात जाण्याच्या दिवशी नव्याने विचारावी. साठवणीची एसएसडी एनव्हीएमई प्रकारची (मदरबोर्डावर थेट बसणारी वेगवान), जमल्यास १ टीबीची घ्यावी. एकेक खेळ १०० जीबी जागा खातो, आणि वेगाच्या आकड्यांपेक्षा जागा अधिक उपयोगी पडते.

आता एसएमपीएस. गेल्या उन्हाळ्यात एका नातेवाइकांच्या मुलाचा नवा पीसी खेळ सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बंद पडायचा. दोनदा कार्ड बदलून झाले होते. मी बाजूचे झाकण काढले आणि एसएमपीएसवरचे लेबल वाचले. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट होते. खाली प्रत्येक व्होल्टेजचा एकेक रकाना होता आणि +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले होते. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात. १३२ वॅटचे कार्ड आणि ७६ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर यांची बेरीजच २०८ होते. कार्डाचा काही दोष नव्हता, एसएमपीएस कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आला होता.

तेव्हापासून मी कोणालाही खोक्यावरचे वॅट पाहू देत नाही, हाच गुणाकार करायला लावतो. प्रामाणिक ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ४३ ते ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे जवळजवळ सगळी शक्ती तिथे मिळते. ८० प्लस ब्राँझ हे चिन्ह अर्ध्या भारावर किमान ८५ टक्के कार्यक्षमता सांगते. ते असावे, पण तेवढ्यावर भागत नाही. पाच वर्षांची वॉरंटी आणि ग्राफिक्स कार्डासाठी सहा अधिक दोन पिनांची केबल असावी. हा भाग बिघडला तर एकटा जात नाही, इतरांना घेऊन जातो, म्हणून रंगीत दिवे, काचेचे कॅबिनेट, देखणी रॅम हे सगळे कापावे, पण याला हात लावू नये. घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात तारच नसते. वीज वारंवार जात असेल तर १००० व्हीएच्या (यूपीएसच्या क्षमतेचे माप) आसपासचा यूपीएस घ्यावा. ६०० व्हीएचे नेहमीचे यूपीएस ३६० वॅटच्या आसपास देतात, आणि पीसी व मॉनिटर मिळून भर खेळात ते काठावर येतात.

कॅबिनेट निवडताना आपल्याकडचा उन्हाळा लक्षात ठेवावा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे समोरून बंद काचेचे कॅबिनेट म्हणजे भट्टी. दर्शनी बाजूला जाळी असावी, पुढून हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक असावा. जाळीमागची धूळगाळणी काढून धुता येते का, ते दुकानातच काढून पाहावे.

मुंबईत खरेदी करायची तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गाठावा. रविवारी बरीच दुकाने बंद असतात. यादी घेऊन तीन दुकानांत पूर्ण संचाचा भाव विचारावा आणि तोच संच ऑनलाइन कितीला पडतो ते मोबाइलवर पाहावे. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे वाक्य ऐकू येईलच. जीएसटीचे पक्के बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर, याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण तीन वर्षांनी कार्ड बंद पडले तर वॉरंटीसाठी तोच कागद मागतात. मॉडेल बदलून ‘हेच चालेल’ असे सांगितले गेले, तर वर सांगितलेले आकडे पुन्हा पडताळावेत. इंटेलचा मदरबोर्ड असेल तर सॉकेटच्या पिना दुकानातच उजेडात पाहून घ्याव्यात आणि प्लास्टिकचे झाकण जपून ठेवावे. पीन वाकलेली असेल किंवा झाकण नसेल तर मदरबोर्ड परत घ्यायला खळखळ होते.

पीसी जोडून झाला की चार गोष्टी तपासाव्यात. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, खालच्या ग्राफिक्स कार्डाला लावलेली असावी. चार खाचांच्या मदरबोर्डावर रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असाव्यात. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू केलेले असावे, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १४४ वर न्यावा, कारण तो बऱ्याचदा ६० वरच असतो. विंडोज ११ घालावे, कारण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. व्हॅलोरंट खेळायचे असेल, तर बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी सुरू कराव्यात. कार्डाचा खोका, आतल्या फोमसकट, वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवून द्यावा आणि बिलाचा फोटो काढून स्वतःला ईमेल करावा, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते.