वेब डेव्हलपरनं नेमकं कुणाचं वाचावं? सोलापुरात बसून शिकणाऱ्यांसाठी

आधी स्पष्टच सांगतो, "टॉप ५० वेब डेव्हलपमेंट ब्लॉग्ज" असल्या याद्या सेव्ह करून ठेवायचं बंद करा. पन्नास ब्लॉग कुणी वाचत नाही, यादी बनवणाऱ्यानं पण वाचलेले असतील असं मला वाटत नाही. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट येतंय, रिअ‍ॅक्टमध्ये एखादा प्रोजेक्ट झालाय, कॉलेजचं शेवटचं वर्ष चाललंय किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलवाल्याची साईट हातात आलीय, अशांसाठी हे लिहितोय. पुण्यात कंपनीत बसलेल्याला अडलं तर शेजारच्या सीनियरला विचारता येतं. आपल्याकडं बहुतेकदा तो सीनियर नसतो, आपण एकटे आणि आपला लॅपटॉप, त्यामुळं आपण कुणाचं वाचतो यावर आपल्या कामाचा दर्जा ठरतो.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे लेखाच्या वर छापलेली तारीख. मी स्वतः यात बराच काळ अडकलो होतो, म्हणून इथं लांबण लावणार आहे, पण हे पूर्ण वाचाच.

गूगलवर "वेबसाईटचा स्पीड कसा वाढवायचा" टाका. वर येणाऱ्या कितीतरी लेखांवर "अपडेटेड" म्हणून ह्याच नाहीतर मागच्या महिन्याची तारीख दिसेल. आपल्याला वाटतं ताजा लेख आहे म्हणजे माहिती पण ताजी असणार. तसं नसतं. तारीख बदलायला एक क्लिक पुरतं, आतल्या मजकुराला कुणी हातही लावलेला नसतो, आणि ताजी तारीख दिसली की लोक उघडतात म्हणून ती बदलत राहतात. मग ओळखायचं कसं, तर आत काही खुणा असतात. कोअर वेब व्हायटल्स म्हणजे साईट वापरायला किती चपळ आहे ते मोजणारी गूगलची मापं, त्यातलं एफआयडी हे माप गूगलनं १२ मार्च २०२४ ला काढून टाकलं आणि त्याच्या जागी आयएनपी आणलं. एफआयडी फक्त पहिल्या क्लिकला किती उशीर होतो तेवढंच बघायचं, आयएनपी पेज उघडं असेपर्यंतच्या सगळ्या क्लिक-टॅपकडं बघतं आणि २०० मिलिसेकंदांच्या आत असलं तर चांगलं धरतात. आता वर या महिन्याची तारीख आणि आत "एफआयडी १०० मिलिसेकंदांच्या खाली ठेवा" असं असेल तर तो टॅब तिथंच बंद करा. तसंच रिअ‍ॅक्टचं. क्रिएट-रिअ‍ॅक्ट-अ‍ॅप (नवीन प्रोजेक्ट उभा करून देणारं साधन) फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या टीमनं अधिकृतपणे निवृत्त केलं, तरी "नवीन" ट्युटोरियलची पहिली पायरी तीच असते.

ह्या सापळ्याचा दुसरा थर जास्त वाईट आहे. एका लेखावर शंका आली म्हणून आपण दुसरा उघडतो, तिसरा उघडतो, तिन्हीकडं तेच लिहिलेलं असतं, मग वाटतं बरोबरच असणार. पण ते तिघं एकमेकांचंच बघून लिहितात. लेझी लोडिंगचं, म्हणजे फोटो स्क्रीनवर यायच्या वेळेलाच मागवण्याचं, उदाहरण घ्या. "सगळ्या इमेजेसना लेझी लोडिंग लावा" हे इतक्या ठिकाणी लिहिलंय की नवशिक्याला तो नियमच वाटतो. टॉवेल-चादरीच्या साईटला वरतीच मोठा फोटो असतो, त्याला पण लेझी लावलं की साईट उलट हळू होते. कारण एरवी ब्राउझर एचटीएमएल वाचता वाचताच पुढं नजर टाकून तो फोटो मागवायला लागतो, आणि लेझी दिसलं की तो थांबतो, आधी सीएसएस येऊ दे, लेआउट ठरू दे, मग हा फोटो स्क्रीनवर येतोय का ते बघू, असं. पार्क चौकात उभं राहून साध्या मोबाईलवर डेटा चालू करून बघणाऱ्याला तोपर्यंत पांढरी जागा दिसते. एलसीपी, म्हणजे स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागणारा वेळ, अडीच सेकंदांच्या आत हवा असतो, तो इथंच जातो. वर्डप्रेसनं सुद्धा ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ व्हर्जनला लेझी लोडिंग आपोआप चालू केलं होतं, आणि पुढं मोजमाप करून जानेवारी २०२२ च्या ५.९ मध्ये पहिली इमेज त्यातून वगळली. ते मोजमाप गूगलच्या वेब डॉट डेव्ह साईटवर सविस्तर मांडलंय. एकानं मोजून दाखवलेलं आणि दहा जणांनी उतरवून काढलेलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि याची उलट बाजू पण बघा, जुनी तारीख म्हणजे टाकाऊ असं अजिबात नाही. जेक आर्चिबाल्ड या डेव्हलपरचा टास्क आणि मायक्रोटास्कवरचा, म्हणजे जावास्क्रिप्ट कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर करतं यावरचा, लेख २०१५ चा आहे. त्यात कोडची एकेक ओळ पुढं सरकवत रांगेत काय चाललंय ते बघता येतं, प्रॉमिस आधी का चालतं आणि सेटटाइमआउट नंतर का, हे डोळ्यासमोर उलगडतं. त्यातल्या त्यावेळच्या ब्राउझरांमधल्या फरकाच्या नोंदी आता जुन्या झाल्यात, पण मूळ तर्क तसाच लागू आहे. इंटरव्ह्यूत इव्हेंट लूप, म्हणजे ही रांग चालवणारी यंत्रणा, विचारतात तेव्हा पाठ केलेलं उत्तर लगेच उघडं पडतं, हा लेख समजून वाचलेला माणूस अडत नाही.

मग वाचायचं कुणाला? माझं मत असं की साईटपेक्षा माणूस धरा. सीएसएस-ट्रिक्स क्रिस कॉयरनं २००७ मध्ये सुरू केलं, २०२२ मध्ये ते डिजिटलओशन कंपनीनं विकत घेतलं, मध्ये थंडावलं, मग परत सुरू झालं. त्यातली फ्लेक्सबॉक्सची गाईड आजही उघडावी अशीच आहे, पण साईटचे मालक बदलतात, चांगला लिहिणारा माणूस जिथं जातो तिथं चांगलंच लिहितो. लेआउटसाठी रेचल अँड्र्यू आणि अहमद शदीद. सीएसएस आणि रिअ‍ॅक्ट नीट समजावून सांगण्यात जॉश कॉमो, त्याच्या लेखात स्लायडर हलवून बघता येतं, नवीन असाल तर इथूनच सुरू करा. रिअ‍ॅक्ट आतून कळायला डॅन अब्रामोव्हचा ओव्हररिअ‍ॅक्टेड, त्यातला यूजइफेक्टवरचा २०१९ चा लेख फार लांब आहे, एका बैठकीत संपला नाही तरी काळजी करू नका. परफॉर्मन्ससाठी हॅरी रॉबर्ट्सचा सीएसएस विझर्ड्री. आणि अ‍ॅलेक्स रसेल, हा आपल्यासाठी खास महत्त्वाचा, कारण तो वर्षानुवर्षं स्वस्त अँड्रॉइड फोनवर वेब कसा चालतो हेच मांडतोय, आणि आपल्या क्लायंटचे ग्राहक त्याच फोनवर आहेत.

अ‍ॅक्सेसिबिलिटी (कमी दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्यांनाही साईट वापरता येणं) आपल्याकडं कुणी शिकवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एड्रियन रोझेली वाचा, वेबएम (WebAIM) या संस्थेची साईट वाचा. वेबएम २०१९ पासून दरवर्षी दहा लाख होमपेज तपासतं आणि दरवर्षी सगळ्यात जास्त सापडणारा दोष एकच असतो, पार्श्वभूमीत मिसळून जाणारा फिकट मजकूर. एप्रिलच्या उन्हात रिक्षात बसून हॉस्पिटलचा नंबर शोधणाऱ्या साठीतल्या बाईंना तो राखाडी रंगातला नंबर दिसणार आहे का, एवढा प्रश्न डिझाईन करताना स्वतःला विचारा.

नवीन नावं शोधायची माझी पद्धत सोपी आहे. एमडीएन या वेबच्या संदर्भ-साईटवर बऱ्याच पानांच्या खाली संबंधित लेखांच्या लिंका असतात, तिथून बाहेर पडा. चांगल्या लेखातल्या लिंका कुठं जातात ते बघा, स्पेसिफिकेशनकडं (तंत्राचे अधिकृत नियम), ब्राउझरच्या बग रिपोर्टकडं, दुसऱ्या कुणाच्या प्रयोगाकडं जात असतील तर तो माणूस धरून ठेवण्यासारखा. सगळ्या लिंका स्वतःच्याच साईटवर आणि शेवटी कोर्सची जाहिरात, तर सोडून द्या. आणखी एक बघतो मी, हे तंत्र कधी वापरू नये हे त्यानं लिहिलंय का? ज्यानं खरंच काम केलंय त्याला तोटे माहीत असतात.

मेंटॉरबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. मेंटॉर मिळाल्याशिवाय काही होत नाही असं समजून वर्ष वाया घालवू नका, आणि पैसे घेऊन रोडमॅपची पीडीएफ देणाऱ्या दादांपासून लांब राहा. क्लासचे सर चांगले असतात, सुरुवात करून देतात, पण ज्यांनी स्वतः बऱ्याच वर्षांत प्रॉडक्शनवर, म्हणजे लोक खरंच वापरतात अशा साईटवर, काही टाकलेलं नाही त्यांच्या शब्दावर अडून बसू नका. एआयकडून लेखाचा सारांश काढून घेणं हा पण असलाच शॉर्टकट, कारण जॉशच्या लेखातला तो स्लायडर सारांशात येत नाही, आणि शिकायचं तर त्यातच असतं.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर एक सांगतो, मराठी माध्यमातून आलेल्यांना हे जड जातं, मलाही जायचं. ज्युलिया इव्हान्सपासून सुरू करा, ती साध्या छोट्या वाक्यांत लिहिते, स्वतःला काय कळलं नव्हतं तेही सांगते, आणि नेटवर्किंग, डीएनएस, गिट असल्या सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टींवर लिहिते. एका लेखाला आठवडा लागला तरी चालेल. कोड उघडून, ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क हळू करून, स्वतःच्या साईटवर लावून बघितलेला एक लेख नुसत्या वाचलेल्या वीस लेखांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

राहिला प्रश्न ह्या सगळ्यांच्या नवीन लेखांवर लक्ष ठेवायचा. ब्लॉगांचे नवे लेख एका जागी दाखवणारं गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झालं तेव्हा आरएसएस (नवीन लेख आपोआप आपल्याकडं येण्याची सोय, म्हणजेच फीड) संपलं असं सगळे म्हणाले, पण ह्या लोकांच्या ब्लॉगांना फीड अजून आहे. तसलंच फीडली किंवा इनोरीडर घ्या, ब्लॉगचा पत्ता टाकला की बहुतेक वेळा फीड ते आपोआप शोधून काढतं. सात-आठ नावांच्या वर जाऊ नका, नवीन घ्यायचं तर एक जुनं काढा. सहा महिन्यांनी यादी बघा आणि ज्याचं काहीच उघडलं नाही ते काढून टाका, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. फक्त बरेच दिवस गप्प आहे म्हणून कुणाला काढू नका, यातले कितीतरी जण महिनोन्‌महिने काही लिहीत नाहीत आणि मग एकदम एखादा असा लेख टाकतात की तो वाचून चालू प्रोजेक्टचा कोड परत उघडावा लागतो.