जमिनीलगतचा ओझोन आणि रब्बी पिके: पेरणीपूर्वी लक्षात घ्यावयाच्या बाबी

उंच वातावरणातील ओझोन अतिनील किरणे अडवतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र पानांच्या रंध्रांतून आत शिरून हरितद्रव्याची हानी करतो, प्रकाशसंश्लेषण मंदावतो आणि पाने अकाली पिवळी पाडतो. वाहने, वीजकेंद्रे आणि जाळलेला काडीकचरा यांतून निघणाऱ्या वायूंवर कडक ऊन पडले की तो हवेतच तयार होतो, म्हणून त्याचे प्रमाण दुपारी सर्वाधिक असते. शहरातील वाहनांचा ताजा धूर त्याचा काही भाग तिथेच नष्ट करतो, परंतु वाऱ्याबरोबर ओझोन खेड्याकडे सरकला की ही घट थांबते. त्यामुळे शहरापासून दूर असलेले शिवार सुरक्षित आहे, असे गृहीत धरू नये.

पावसाळ्यात ढग, पाऊस आणि समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा यांमुळे महाराष्ट्रात ओझोन सर्वांत कमी असतो. हिवाळ्यात, वारे जमिनीकडून वाहू लागल्यावर, तो वाढू लागतो आणि राज्याच्या अंतर्गत भागात मार्च ते मे या काळात उच्चांक गाठतो; गंगेच्या खोऱ्यात हा उच्चांक जूनपर्यंत लांबतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओझोनमुळे देशात गव्हाचे वर्षाला सुमारे 35 लाख टन आणि भाताचे सुमारे 21 लाख टन नुकसान होत असल्याचा अंदाज मांडला होता व त्याचा मोठा भाग मध्य आणि उत्तर भारतातील होता.

यावरून गहू उत्पादकांनी एक गोष्ट आवर्जून करावी: बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. पेरणी लांबली की दाणे भरण्याचा काळ वाढत्या उष्णतेत आणि वाढत्या ओझोनमध्ये सापडतो, आणि दोहोंचा फटका एकाच वेळी बसतो. उशीर अटळच असेल, तर एनआयएडब्ल्यू 34 सारखा उशिरा पेरणीसाठी शिफारस केलेला वाण निवडावा. ओझोन टाळण्यासाठी पाणी तोडणे मात्र चुकीचे ठरेल. ताण पडलेल्या पिकाची रंध्रे मिटतात हे खरे असले, तरी पाण्याअभावी होणारे नुकसान सोसावेच लागते.

द्राक्ष, बटाटा, घेवडा अशा पिकांत जुन्या पानांच्या वरच्या बाजूस, शिरांच्या मधल्या भागात बारीक तपकिरी किंवा जांभळट ठिपके दिसल्यास लगेच फवारणी करू नये; ते ओझोनमुळेही पडलेले असू शकतात. पान उलटून भिंगाने पाहावे: कोळी किंवा त्यांची जाळी असेल, तर ती कीड आहे. कांद्याची पात शेंड्याकडून करपत असेल, तर करपा आणि फुलकिडे यांची खात्री आधी करावी, कारण तिथे लक्षणांची गल्लत सहज होते. ओझोनमुळे पडलेले ठिपके कीटकनाशकाने वा बुरशीनाशकाने भरून येत नाहीत. खर्च तेवढा वाया जातो.

ऊस तोडणीनंतर पाचट पेटवण्याची पद्धत थांबणे तर फारच निकडीचे आहे, कारण ओझोन तयार करणारे वायू त्या धुरातूनही शेजारच्या शिवारात पोहोचतात. पाचट सरीत ठेवून त्यावर दर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाकावे व पाणी द्यावे. ओझोन दुपारी सर्वाधिक असल्याने उन्हाळ्यात दमा असलेल्या मजुरांना शक्यतो सकाळच्या पाळीतच काम द्यावे.