टेस्ला कॉइलला वीज जोडण्याआधीची तयारी

टेस्ला कॉइल म्हणजे हवेत लांब ठिणग्या सोडणारं हाय व्होल्टेजचं यंत्र. तिची सेकंडरी (नळीवरची बारीक तारेची गुंडाळी) गुंडाळून झाली, वर टोरॉइड (धातूचं गोल कडं) चढला, की हात शिवशिवायला लागतात. तरी थांबा. निऑन बोर्डाच्या ट्रान्सफॉर्मरवरची छोटी कॉइल असती तर करंटची चिंता नव्हती, कारण त्याच्या गाभ्यातच शंट (चुंबकीय आडवाट) असतो आणि ठरावीक करंटच्या पुढे तो ट्रान्सफॉर्मर जात नाही. तुम्ही आणलाय 11 केव्ही लाइनवरचा 5 केव्हीएचा सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर, म्हणजे डीपीचाच धाकटा भाऊ, आणि तो उलटा, 230 व्होल्टचे 11 केव्ही करायला वापरायचा. (पावती घेऊनच आणला असेल, असं धरतो. आपल्याकडं डीपीतलं तेल नि तांबं कसं गायब होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.) स्पार्क गॅप (ठिणगी उडायची फट) पेटली की या ट्रान्सफॉर्मरला ते सरळ शॉर्ट सर्किट वाटतं. नेमप्लेटवर इम्पिडन्स (आतला अडथळा) 4 टक्के असेल तर 230 च्या बाजूला नेहमीच्या 22 अँपिअरच्या जागी कागदावर 540 अँपिअर होतात.

आधी दोन गैरसमज काढून टाका. व्हेरिअ‍ॅकनं (चाक फिरवून व्होल्टेज बदलायच्या ट्रान्सफॉर्मरनं) व्होल्टेज कमी-जास्त होतं, करंट अडत नाही. आणि 25 अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) झटक्यात पडायला 125 ते 250 अँपिअर लागतात. तेवढ्यात व्हेरिअ‍ॅकचा कार्बन ब्रश जाऊ शकतो. माझा गेलाय. लागतो तो चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावर तार गुंडाळलेली, करंट अडवणारी कॉइल, जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत असायचा तसाच, फक्त वजनाला दोघांनी उचलावा असा. तो 230 व्होल्टच्या बाजूला, फेजमध्ये सिरीज येतो. 11 केव्हीच्या बाजूला त्याचा विचारही नको.

किती मोठा? 20 अँपिअरवर थांबायचं तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा ओहम. 50 हर्ट्झला ते साधारण 37 मिलिहेन्री होतात. अमेरिकन डिझाइन डोळे मिटून उतरवू नका. तिकडं 60 हर्ट्झ, त्यामुळे त्यांना 30 मिलिहेन्री पुरतात. तोच चोक लातुरात लावला तर 20 च्या जागी 24 अँपिअर वाहतील.

वायंडिंगवाल्याकडं मार्चच्या आत जा. नंतर बोअरच्या जळालेल्या मोटारींची रांग लागते आणि तुमचा चोक कोपऱ्यात पडून राहतो. तार 11 गेजची सांगा, 10, 15 आणि 20 अँपिअरचे टॅप (मधल्या वेढ्यांवरून बाहेर काढलेली टोकं) काढून घ्या, आणि गाभ्यात फट ठेवायला बजावून सांगा. ट्रान्सफॉर्मर बांधायची सवय असलेला कारागीर स्टॅम्पिंग (गाभ्याचे पत्रे) घट्ट मिटवून देतो. मग गाभा सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि ऐन वेळी चोक असून नसल्यासारखा. फटीत बेकेलाइटची पट्टी घालून करकचून आवळा, नाहीतर शेडभर घरघर.

एवढा खटाटोप नको असेल तर चाकानं करंट कमी-जास्त करायचं जुनं वेल्डिंग मशीन बघा. त्याची प्रायमरी (वीज आत घेणारी बाजू) चोकच्या जागी सिरीजमध्ये जोडायची, होल्डर आणि अर्थ क्लॅम्प एकमेकांना पक्के बांधायचे, आणि चाक फिरवून मर्यादा ठरवायची. मला स्वतःला हेच आवडतं, कारण चूक सुधारायला पुन्हा वायंडिंगवाल्याचे पाय धरावे लागत नाहीत.

काहीही घ्या, ट्रान्सफॉर्मर न जोडता आधी एकट्या चोकची किंवा वेल्डिंग मशीनचीच परीक्षा घ्या. व्हेरिअ‍ॅकमधून हळूहळू वीज द्या, तारेवर क्लॅम्प मीटर लावा. 115 व्होल्टला 10 अँपिअर आणि 230 ला 20 आले तर ठीक. शेवटी शेवटी काटा एकदम पळाला तर गाभा सॅच्युरेट होतोय: फट वाढवा, वेढेही वाढवा. ही चाचणी संध्याकाळी करू नका. तेव्हा गावाकडं 190 व्होल्ट असले तर साडेसोळाच अँपिअर दिसतात, तुम्ही खूश होता, आणि मध्यरात्री व्होल्टेज चढल्यावर हिशेब फिसकटतो.

नुसत्या चोकवर कॉइल कधी कधी गचके देते. एक-दोन ओहमचा रेझिस्टन्स सिरीजमध्ये घातला की शांत होते. जाड नायक्रोमची तार चालेल, पण 20 अँपिअरला एका ओहममागं 400 वॅट उष्णता निघते. खाली फरशी, जवळ पोतं-कडबा काही नको.

कॉइलचं अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून वेगळं करा. खड्डा काळ्या रानात असेल तर उन्हाळ्यात भेगा पडून माती पाइपापासून सुटते, तेव्हा आदल्या रात्री चार-पाच बादल्या ओता. कॉन्टॅक्टरला (मेन वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचला) चावीचा स्विच, चावी तुमच्या खिशात. कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर (उरलेला चार्ज हळूहळू उतरवणारे) असले तरी हात लावण्याआधी लांब दांड्याच्या अर्थ केलेल्या काठीनं डिस्चार्ज कराच, कारण इथं पहिला झटकाच शेवटचा ठरू शकतो. पेसमेकर असलेल्या कुणालाही शेडजवळ येऊ देऊ नका. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, ओझोननं घसा धरतो.

आणि मेन स्विचपाशी एक माणूस उभा करा, व्हिडिओ काढणारा सोडून.