रिमोटच्या गाडीत निकेल पॅकच्या जागी लायपो पॅक कसा बसवावा

१/१० मापाच्या, विजेवर चालणाऱ्या रिमोट गाड्यांमध्ये वर्षानुवर्षे सहा सेलचा, ७.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक चालत आला आहे. त्याच्या जागी दोन सेलचा, ७.४ व्होल्टचा लिथियम पॉलिमर म्हणजे लायपो पॅक घातला, की गाडी हलकी होते आणि तिचा जोर जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो. दोन्ही आकडे इतके जवळचे असल्यामुळे जुना पॅक काढून नवा ठेवला की झाले, असे वाटते. प्रत्यक्षात कप्प्यात पॅक बसणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. तो पॅक स्पीड कंट्रोलरला, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या भागाला, आणि चार्जरला मानवतो का, हे पैसे मोजण्यापूर्वी पाहावे लागते.

सर्वप्रथम या कंट्रोलरचे (ईएससीचे) माहितीपत्रक काढावे. निकेलचा पॅक खूप उतरला तरी बहुधा पुन्हा उभा राहतो. लायपोचा सेल मात्र ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा दुखावतो. म्हणून व्होल्टेज ठरावीक पातळीला आले की मोटर बंद करण्याची सोय कंट्रोलरमध्ये असावी लागते आणि ती लायपोवर लावलेली असावी लागते. हॉबीविंगच्या क्विकरन १०६० सारख्या कंट्रोलरवर यासाठी नखाएवढी जंपरची टोपी, म्हणजे दोन पिना जोडणारे टोपण, असते. ती उपसून लायपोच्या पिनांवर घालावी. ही टोपी निकेलवर राहिली तरी गाडी उत्तम धावते, आणि धोका नेमका त्यातच आहे, कारण पॅक मरेपर्यंत चूक लक्षात येत नाही. ज्या जुन्या कंट्रोलरमध्ये ही सोयच नाही, त्यावर बॅलन्स वायरला (पॅकमधल्या प्रत्येक सेलपासून निघणाऱ्या बारीक वायरींच्या जोडणीला) लावायचा छोटा बझर वापरता येतो. तो प्रति सेल ३.४ व्होल्टवर लावावा. तरीही माझे मत असे, की मुलांच्या हातात गाडी जाणार असेल तर बझरवर विसंबू नये, कंट्रोलरच बदलावा.

पूर्ण भरलेला दोन सेलचा लायपो ८.४ व्होल्ट दाखवतो. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण चार्जरवरून नुकताच काढलेला सहा सेलचा निकेल पॅकही ८ व्होल्टच्या वर असतो. तीन सेलचा, ११.१ व्होल्टचा पॅक मात्र कंट्रोलर आणि मोटर या दोघांनाही चालतो अशी खात्री असल्याशिवाय जोडू नये.

दुसरी गोष्ट चार्जर. जुना निकेलचा चार्जर लायपोला कधीही लावू नये. निकेलचा पॅक भरला की त्याचे व्होल्टेज किंचित घसरते आणि अनेक चार्जर त्या घसरणीची वाट पाहून थांबतात. लायपोमध्ये अशी घसरण येतच नाही, त्यामुळे तो चार्जर वीज भरतच राहतो, पॅक फुगतो आणि पेट घेऊ शकतो. लायपोची सोय असलेला बॅलन्स चार्जर, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा चार्जर, घ्यावा, प्रत्येक वेळी बॅलन्स वायर जोडावी आणि करंट १ सी, म्हणजे पॅकच्या क्षमतेच्या आकड्याइतका, ठेवावा. ५००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) पॅकला तो ५ अँपिअर होतो. चार्जिंग फरशीवर, पडदे आणि गाद्यांपासून दूर, आपण जागे आणि जवळ असतानाच करावे.

आता माप. कप्प्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजावी, आणि वायर कोणत्या बाजूने बाहेर येते तेही पाहावे. गाडीसाठी कडक कवचाचाच पॅक घ्यावा. टामियाच्या टीटी-०२ सारख्या चॅसिसचा कप्पा गोल सेलच्या आकाराला धरून घडवलेला असल्यामुळे चौकोनी कडांचा पॅक त्यात अडतो. अशा गाडीसाठी गोल कडांचे लायपो मिळतात, तेच घ्यावेत. कानस चालवायचीच असेल तर ती चॅसिसच्या प्लास्टिकवर चालवावी, पॅकच्या कवचावर मुळीच नाही. पॅक सैल बसत असेल तर बाजूला फोमची पट्टी घालावी.

नव्या पॅकचा कनेक्टर गाडीच्या कनेक्टरशी जुळत नसेल तर पॅकच्या वायरला हात न लावता कंट्रोलरच्या बाजूचा कनेक्टर बदलावा, कारण कंट्रोलरची वायर बॅटरी काढल्यावर निर्जीव असते आणि पॅकची वायर नेहमीच जिवंत असते. मी पहिल्या वेळी पॅकच्या दोन्ही वायरी कटरच्या एकाच दाबात कापल्या होत्या. ठिणगी उडाली आणि कटरच्या धारेत तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा पडला. तो कटर मी अजून ठेवला आहे.

जुना पांढरा टामिया कनेक्टर जास्त करंटला तापतो, म्हणून पॅकवर एक्सटी-६० हा जास्त करंट झेपणारा कनेक्टर असेल तर कंट्रोलरलाही त्याचीच जोडी लावावी. आधी वायरवर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आकसून जोड झाकणारी नळी, सरकवून ठेवावी. हे विसरले की सगळे उकलावे लागते. वायरचे टोक आणि कनेक्टरची वाटी या दोन्हींवर सोल्डरचा पातळ थर द्यावा, आणि डाख देताना कनेक्टरमध्ये त्याची सुटी, कशालाही न जोडलेली जोडी खोचून ठेवावी, म्हणजे प्लास्टिक मऊ झाले तरी पिना हलत नाहीत. डाख गुळगुळीत आणि चकचकीत दिसला पाहिजे. खरबरीत, मळकट दिसला तर पुन्हा तापवावा. लाल वायर कनेक्टरच्या कवचावरील अधिक चिन्हाच्या बाजूलाच गेली आहे, हे पॅक जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने तपासावे. उलटी जोडणी झाली तर कंट्रोलर क्षणात जळू शकतो.

पहिली चाचणी चाके जमिनीपासून उचलून, आधी ट्रान्समीटर आणि मग गाडी चालू करून घ्यावी. नंतर पाच मिनिटे चालवून मोटर, कंट्रोलर आणि कनेक्टर यांना हात लावून पाहावा. कनेक्टर चटका देत असेल तर डाख कच्चा आहे. गाडी मंदावताच थांबावे आणि दोन्ही सेलचे व्होल्टेज वेगवेगळे मोजावे. एक सेल दुसऱ्यापेक्षा बराच खाली दिसला तर तो पॅक पुढच्या दोनतीन खेपांत बारकाईने पाहत राहावा. आठवडाभर गाडी चालणार नसेल तर पॅक गाडीतून काढून, प्रति सेल ३.८ व्होल्टवर आणून, उन्हापासून दूर पत्र्याच्या डब्यात ठेवावा, आणि डब्याचे झाकण घट्ट लावू नये.