'औषध घेतलंय' म्हणून आलेला पेशंट : प्रशिक्षण देताना या चुका टाळा

तासगाव, कवठेमहांकाळकडं 'औषध घेतलंय' म्हणत कुणाला जीपमधून उतरवलं, की कॅज्युअल्टीत सगळ्यांना कळतं : द्राक्षबागेच्या फवारणीचं. ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा), ऑक्सिजन हे आपले डॉक्टर-सिस्टर झोपेतही करतील. पण तोच माणूस शुद्धीवर येऊन भिंतीकडं तोंड करून पडला, की त्याच्याशी काय बोलायचं हे कुणाला सुचत नाही. प्रशिक्षण हवं ते तिथं.

पहिली चूक म्हणजे तासभर स्लाइड दाखवणं. आजारांची लक्षणं सगळ्यांना पाठ असतात, फक्त प्रश्न तोंडातून निघत नाही. 'मरायचा विचार येतो का? आत्ताही येतोय का? कसं करायचं ठरवलं होतं?' हे जोड्या लावून मोठ्यानं म्हणायला लावा. पहिल्यांदा सगळे हसतात. हसू द्या, तिसऱ्या खेपेला आवाज आपोआप खाली येतो. विचारल्यानं मनात नसलेलं भरतं, ही भीती निराधार आहे. सरावात एकाला सासू करून खाटेला टेकून उभं करा. ती तिथं असेपर्यंत सून 'चुकून प्याले' एवढंच सांगणार. आधी नातेवाइकांना बाहेर बसवायचं, हे मग सांगावं लागत नाही.

'पोलीस केस होईल बरं का' हे वाक्य तर बंदच करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं, की जीव द्यायचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. रुग्णालयानं पोलिसांना कळवण्याचं कागदी काम वेगळं. ते करा, पण धाक घालू नका.

ओरडणारा प्रत्येक जण 'मेंटल' नसतो. आधी साखर, ऑक्सिजन, ताप बघा. पाय मोडून दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसतात म्हणाला, तर शेवटची दारू कधी घेतली ते विचारा; दारू अचानक सुटल्याचं ते लक्षण असू शकतं. अशा पेशंटला ग्लुकोजच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१). आणि आपल्याकडं हमखास निसटणारी गोष्ट : विषबाधेचा पेशंट चादर चिवडतोय, बडबडतोय, अंग गरम आणि कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. हे वेड नव्हे, ॲट्रोपिन जास्त झालंय. अशाला बांधून ठेवलेलं मी पाहिलंय.

बांधण्यावरून आठवलं. प्रशिक्षणाला फक्त डॉक्टरांना बोलावतात, आणि अंगावर धावून आलेल्याला धरतात वॉर्डबॉय, मावशी, वॉचमन. त्यांना बोलवा. एकानंच बोलायचं, दाराची वाट अडवायची नाही, घोळका करायचा नाही. बांधणं हा शेवटचा उपाय. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून कायद्यानं चालत नाही.

सगळ्यात महाग पडते डिस्चार्जची चूक. कार्डावर 'सांगलीला मानसोपचार दाखवणे' एवढं खरडून त्याला ज्या घरी औषधाचे डबे आहेत तिथंच परत पाठवतात. म्हणून शेवटचा तास डिस्चार्जच्या सरावाला ठेवा. बाटली कुठं आहे, कुलूप आहे का, किल्ली कुणाकडं राहील, हे घरच्या माणसाला विचारायचं. पुढच्या भेटीची तारीख, कोण घेऊन येणार त्याचं नाव आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत नंबर कार्डावर लिहायचा. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी घरी फोन कुणी करायचा, त्या सिस्टरचं नाव तिथंच ठरवून घ्या.